सिल्क रूट आणि आपण: सांगली-मिरजकरांनो, लिहा!

माळा आवरताना सिल्क रूट या बँडच्या ‘बूंदें’ अल्बमची कॅसेट हाती लागली. मोहित चौहान, केम त्रिवेदी, अतुल मित्तल, केनी पुरी. १९९८ साली या चौघांचं ‘डूबा डूबा’ टीव्हीवर लागायला लागलं तेव्हा मी सांगलीत अकरावीला होतो. गाणं म्हणजे सिनेमाचं, एवढंच ठाऊक. चार मित्र मिळून आपलं आपण गाणं करतात, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. २००० साली त्यांची दुसरी कॅसेट ‘पहचान’ आली, पुढे बँड थांबला. तुमच्याकडे त्यातलं काय उरलंय?

माई घाटावरून
व्हिडिओ पाण्याखालचा होता ना! आम्ही तिघं कृष्णेत बुडी मारून डोळे उघडे ठेवायचो. हिरवट गढूळ, स्वतःचा पंजासुद्धा दिसायचा नाही. पण कानात पाणी भरलं की गाणं डोक्यात स्वच्छ वाजायचं.

विश्रामबाग
आमच्याकडे सिनेमाची गाणी लावायला बंदी. “बाबा, हे सिनेमातलं नाही,” म्हटलं आणि चाललं!

मिरज
आमचं घर तंतुवाद्यांचं. वडील तंबोऱ्याचा नाद खुलावा म्हणून जवारीवर तारेखाली सूत सरकवत बसले होते आणि मी टेप लावला. ओरडतील असं वाटलं. हातातलं सूत तसंच धरून त्यांनी अख्खं गाणं ऐकलं. “पोरगं सुरात आहे. आणि वाजवणारं कुणी त्याच्यावर चढत नाही,” म्हणाले. त्याच महिन्यात दुरुस्तीला एक गिटार आली होती. ती नीट झाल्यावरही चार दिवस त्यांनी घरात ठेवली, मला हात बसवायला. तंबोऱ्याच्या षड्जावर मी तिच्या तारा लावायचो. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सगळ्यांत आधी मला ती संध्याकाळ आठवली. वडील हवे होते.

सांगली, गावभाग
२००७ला एसटी स्टँडवर मोहित चौहानचं ‘तुम से ही’ वाजत होतं. मित्र म्हणाला, नवा गायक दिसतोय. मी तिथंच भांडलो. अरे, नऊ वर्षांपासून आपला आहे तो!

सांगलीवाडी
२००५च्या पुरात घरात पाणी शिरलं. ओसरल्यावर कॅसेट चिखलात सापडली. वरचा कागद पार विरघळलेला. स्क्रू सोडून फीत साध्या पाण्यानं धुतली, न्हाणीघरातल्या दोरीवर सावलीत वाळवली, पुन्हा गुंडाळली. आई म्हणाली, भांडी राहिलीत आणि हे काय धुतोयस? वाजते अजून. मध्ये पाऊण मिनिट नुसती खरखर येते. तीसुद्धा आता पाठ झालीय.