लंडन : सेंट पॅन्क्रसचं जुनं विटांचं हॉटेल कसं पाहावं? सल्ला हवा आहे

सायली_कोथरूड
पुढच्या महिन्यात आम्ही तिघं लंडनला चाललोय. मी, बाबा आणि आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला असलेली माझी भाची. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेत. सेंट पॅन्क्रस स्टेशनसमोरचं जुनं मिडलँड ग्रँड हॉटेल दोघांनाही बघायचंय. तिथे राहणं परवडणारं नाही, हाताशी अर्धाच दिवस आहे आणि बाबांना गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. सुरुवात कुठून करू? आत काय बघायला मिळेल?

वीटभट्टी
सुरुवात शेजारच्या किंग्ज क्रॉस स्टेशनपासून करा, आग्रहाने सांगतो. ते वास्तुकार लुईस क्युबिटचं, १८५२चं. पिवळसर विटा, दोन मोठ्या कमानी, मध्ये घड्याळ, संपलं. ते नीट बघा आणि मग मान वळवा. तो लालभडक डोंगर अंगावर येतो.

लंडनची नेहमीची वीट ती पिवळसर. ही लाल वीट नॉटिंगहॅमजवळच्या ग्रिपरच्या भट्ट्यांमधली, म्हणजे हे हॉटेल बांधणाऱ्या मिडलँड रेल्वे कंपनीच्या स्वतःच्या मुलखातली. ही कंपनी लंडनला उशिरा पोचली, त्यामुळे शेजाऱ्यांपेक्षा उठून दिसणं तिला भागच होतं. १८६५मध्ये हॉटेलच्या आराखड्यासाठी स्पर्धा घेतली, ती वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने जिंकली. हॉटेल उघडलं १८७३ साली, पूर्ण व्हायला १८७६ उजाडलं.

भाचीला सांगा, मनोऱ्यांचे फोटो नंतर काढ, आधी भिंतीशी जाऊन उभी राहा. कमानीच्या कडांना ज्या गोलाईच्या विटा आहेत त्या तासलेल्या नाहीत, साच्यातूनच तशा काढलेल्या आहेत. सांधे इतके बारीक आहेत की चार पावलं मागे आलं की भिंत एकसंध वाटते. मध्येच फिकट दगडाचे पट्टे. मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा अर्धा तास एकाच कमानीपाशी होतो.

माधवी_लंडन
वीटभट्टी यांना अनुमोदन. आतलं मी सांगते. जुन्या तिकीटघराच्या जागी आता बार-रेस्टॉरंट आहे, 'बुकिंग ऑफिस १८६९' नावाचं. तिथे कोणीही जाऊ शकतं, बाबांना बसायलाही होईल. भिंतींवरचं लाकडी पॅनेलिंग सुंदर आहे. रेल्वेच्या माणसांच्या छोट्या दगडी मूर्ती कोरलेल्या आहेत त्या नक्की शोधा, बाबांना आवडतील.

मुख्य जिना मात्र पाहुण्यांसाठी असतो. हॉटेलला आधीच ईमेल करून विनंती करा, भाची आर्किटेक्चर शिकतेय हेही लिहा. जिना दुभंगून वर जातो, भिंती लाल, त्यावर सोनेरी फुलं. पण भाचीला खालून बघायला सांगा. जिना पेलणारे लोखंडी बीम स्कॉटने झाकलेले नाहीत, उघडेच ठेवून नटवलेत.

सायली_कोथरूड
दोघांचेही मनापासून आभार! बाबा विचारताहेत, इतकं भक्कम हॉटेल १९३५ला बंद का पडलं?

वीटभट्टी
त्या भक्कमपणामुळेच, काही अंशी. आगीला दाद देऊ नये म्हणून मजल्यांना लोखंड आणि काँक्रीट वापरलं. सुमारे तीनशे खोल्या आणि न्हाणीघरं मोजकी. त्या काळी नोकर गरम पाणी खोलीत आणून देत, त्यामुळे चालून गेलं. पुढे लोकांना खोलीतच न्हाणीघर हवं झालं आणि नळ न्यायचे तर तेच स्लॅब फोडायला हवेत. खर्च झेपेना. मग तिथे रेल्वेची कचेरी थाटली.

१९६०च्या दशकात तर पाडायच्याच गोष्टी चालल्या होत्या. कवी जॉन बेट्जेमन आणि त्या काळच्या इमारती जपणाऱ्या व्हिक्टोरियन सोसायटीने जिवाचं रान केलं, म्हणून १९६७मध्ये पहिल्या श्रेणीचं संरक्षण मिळालं. स्टेशनात वर बेट्जेमनचा पुतळा आहे. हॅट धरून छताकडे बघत उभा आहे. बाबांना त्याच्याशेजारी उभं करून तसंच वर बघायला लावा. इंजिनिअर विल्यम बार्लोचं ते १८६८चं छत, सुमारे २४० फुटांचा एकच गाळा, मध्ये एकही खांब नाही. हॉटेल म्हणून इमारत पुन्हा सुरू झाली ती २०११ साली.

माधवी_लंडन
बाबांसाठी आणखी एक. रूळ रीजंट्स कालव्यावरून येतात, म्हणून फलाट रस्त्यापेक्षा बरेच उंच आहेत. खालच्या पोकळीत बर्टन या बिअरच्या गावाहून येणारी पिंपं ठेवत. लोखंडी खांबांमधलं १४ फूट ८ इंचांचं अंतर त्या पिंपांच्या मापावरून ठरवलेलं. आता तिथे दुकानं आणि युरोपात जाणाऱ्या युरोस्टार गाड्यांचं प्रस्थान आहे. खांब आहेत तिथेच आहेत. वर-खाली करायला लिफ्ट आहेत, गुडघ्यांची काळजी नको.

फोर्टकर
निघण्याआधी एक रविवार मुंबईत काढा. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आणि दीक्षान्त सभागृह याच स्कॉटचं. तो भारतात कधी आला नाही, आराखडे तिकडून पाठवले. टॉवरचं काम १८६९ ते १८७८ चाललं, म्हणजे हे हॉटेल उभं राहत होतं तेव्हाच. तिथे लाल वीट, इथे कुर्ल्याचा पिवळट दगड. ओव्हल मैदानातून टॉवर बघून घ्या, मग लंडनला टोकदार कमानी ओळखीच्या वाटतील.

सायली_कोथरूड
फोर्टकर, हे माहीतच नव्हतं! या रविवारी डेक्कन क्वीनने तिघं जातो. ईमेलही आजच लिहिते. दिवसाची कोणती वेळ चांगली?

वीटभट्टी
दुपारी तीनच्या सुमारास पोचा. आतलं उरकून संध्याकाळी टॅक्सीने पेंटनव्हिल रोडच्या चढावर जा आणि पश्चिमेकडे तोंड करून उभे राहा. सूर्य मनोऱ्यांच्या मागे जातो. आभाळ साफ असेल तर घाई करू नका.