बाळाच्या लंगोटाला काकवीचा वास येतोय

पहिलटकरीण: मुलगी आठ दिवसांची, जन्माचं वजन 2.9 किलो. परवापासून ओल्या लंगोटाला काकवीसारखा गोडूस वास येतोय. मोबाइलवर शोधलं तर 'मेपल सिरप युरिन डिसीज' असं भलत्याच आजाराचं नाव आलं, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सासूबाई म्हणतात, "मेथीचे लाडू खातेस, दुसरं काय!" रोज दोन खाते, हे खरं. कुणाला अनुभव?

निवृत्त सिस्टर: मेथीने येतो असा वास. तिच्यात सोटोलोन नावाचं द्रव्य असतं, त्या आजारातही वास त्याचाच. मेथी खाणारीच्या घामालाही येतो, स्वतःची काख हुंगून बघ!

वजनकाटेवाली आई: ताई, घाबरवत नाही, पण मेथीवर ढकलून मोकळ्या होऊ नका. माझा थोरला सहाव्या दिवशी दूध ओढेनासा झाला. मग अंग ताठ, मान मागे, पाय सायकल मारल्यासारखे. जंतुसंसर्ग समजून उपचार चालले, अकराव्या दिवशी गेला. वास सगळ्यांना येत होता. आमच्याकडेही लाडूच होते ना.

धाकट्याच्या वेळी दुसऱ्याच दिवशी टाचेतलं रक्त तपासायला दिलं. मेपल सिरप युरिन डिसीज. खाल्लेल्या प्रथिनांची अमिनो आम्लं होतात. त्यातल्या ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीनच्या मोडणीची पहिली पायरी याला जमते, दुसऱ्या पायरीचं विकर चालत नाही. अर्धवट मोडलेला माल रक्तात तुंबतो, ल्युसीन वाढलं की मेंदूला सूज येते. पोटात असेपर्यंत नाळ हे निस्तरते, म्हणून जन्मतः बाळ धडधाकट दिसतं. मी आत्याच्या घरात दिलेली. बिघडलेलं जनुक आम्हा दोघांकडेही निघालं, म्हणजे दर खेपेला चारात एक धोका.

आज तो सात वर्षांचा आहे. ल्युसीन नसलेली पावडर दिवसातून चारदा, भात सोनारासारखा तोलून, वरण नाही. दाण्याचं कूट न घातलेली साबुदाण्याची खिचडी मात्र हवी तेवढी. गंमत म्हणजे उपासाचं चालतं, उपास चालत नाही. पोट रिकामं राहिलं किंवा ताप आला की शरीर स्वतःचेच स्नायू मोडतं आणि ल्युसीन चढतं. पारा 100 वर गेला की आमची पिशवी दाराशी.

तुम्ही वासापेक्षा दूध बघा. ओढतेय का? रडणं किरटं झालंय? सारखी झोपून राहते? अंग ढिलं किंवा ताठ? यातलं काहीही असेल तर सकाळची वाट न बघता नवजात अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय गाठा. नसेल तरी उद्या बालरोगतज्ज्ञांना टीएमएस चाचणीबद्दल (टाचेतल्या रक्ताची हीच तपासणी) विचारा, लाडवांचंही सांगा.

पहिलटकरीण: वाचून हात थरथरले. दूध ओढतेय, दर दोन तासांनी उठते. रिपोर्टपर्यंत अंगावरचं बंद ठेवू?

वजनकाटेवाली आई: मनाने मुळीच नाही! डॉक्टर सांगेपर्यंत पाजत राहा. लाडू तेवढे थांबवा.

पहिलटकरीण: रिपोर्ट आला, नॉर्मल. लाडू सोडल्यावर तिसऱ्या दिवशी वासही गेला. हे सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.