चर्चा: नोकरीत दहा-पंधरा वर्षं काढल्यावर इंजिनिअरने गणित पुन्हा हातात घ्यावं का?

ओळंबा

मी नाशिकला स्ट्रक्चरल डिझाइन करतो, एकोणीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात आमच्या ज्युनिअरने एका इमारतीचं सॉफ्टवेअरमधून काढलेलं आउटपुट आणून दिलं. दोन मुख्य बीमवर टेकलेला सहा मीटरचा दुय्यम बीम, मोमेंट, म्हणजे बीमला वाकवणारा परिणाम, साडेसतरा किलोन्यूटन-मीटर. बीम पास, स्टील किमान.

आकडा बघूनच खटकलं. त्याच्याच प्रिंटआउटच्या पाठकोऱ्या बाजूवर मांडायला घेतलं. १५० मिमीचा स्लॅब म्हणजे चौरस मीटरला ३.७५ किलोन्यूटन, फिनिशचा १, वापराचा भार २. झाले पावणेसात. बीमवर साडेतीन मीटरचा पट्टा येतो, म्हणजे मीटरला साडेतेवीसच्या आसपास, बीमचं स्वतःचं वजन मिळवून २५ धरू. डब्ल्यू एल वर्ग भागिले आठ (डब्ल्यू मीटरमागचा भार, एल लांबी): २५ गुणिले ३६ भागिले ८, एकशे साडेबारा. सुरक्षिततेसाठी दीडपट केल्यावर १६९. मग साडेसतरा आले कुठून? २३० बाय ४५० च्या नुसत्या बीमचं वजन मीटरला २.६. तेच सूत्र, तीच दीडपट, आणि उत्तर बरोबर साडेसतरा! स्लॅबचा भार बीमवर चढलाच नव्हता. एका कोपऱ्यात मॉडेलमधले दोन नोड, म्हणजे जोडबिंदू, जुळले नव्हते, त्यामुळे स्लॅबचं पॅनेल बंद झालं नव्हतं. तशी सूचना आउटपुटमध्ये होती, पण दोनशे पानांच्या पोटात.

मुलगा हुशार आहे. एम-थ्रीला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या गणिताच्या पेपरला, त्याला उत्तम मार्क होते, त्यातलं लाप्लासचं रूपांतर आजही पाठ आहे. पण साडेसतरा हा आकडा पाहून पोटात गोळा यायला हवा, हे त्याला कुणी शिकवलं नाही. मीही मधली काही वर्षं असंच काम केलं, म्हणून हे कळकळीने लिहितोय. कामाला दहा वर्षं झाली की इंजिनिअरने गणित पुन्हा घासून घ्यावं. परीक्षेचं गणित नको. एककं, प्रमाण, आलेखाखालचं क्षेत्रफळ, त्रिकोण, सरासरी आणि विखुरलेपणा, एवढंच. कागदावर, आणि सॉफ्टवेअर उघडायच्या आधी.

वाळूघड्याळ

असहमत. मी मस्कतला प्रकल्प बघतो, चौदा वर्षांत एकदाही इंटिग्रल काढायची वेळ आलेली नाही. तुमच्या उदाहरणात चूक मॉडेलमध्ये होती. पोराने वॉर्निंग वाचली नाही. त्याला सॉफ्टवेअर नीट शिकवा, तपासणीची यादी द्या, वर दुसऱ्याची सही घ्या. साडेसतरा चुकीचे आहेत हे तुम्हाला कळलं, कारण तुम्ही हजार बीम पाहिलेत. तो अनुभव आहे, त्याला गणित म्हणू नका. आणि डब्ल्यू एल वर्ग भागिले आठ हे आठवीतलं पोरही करेल.

माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. अशा सल्ल्यांनी चांगल्या माणसांना उगाच अपराधी वाटतं. दिवसाचे अकरा तास साइटवर काढून रात्री खोलीवर आलेल्या माणसाने मॅट्रिक्स घेऊन बसायचं?

तिसरी_फेज

वाळूघड्याळ, मॅट्रिक्स घेऊन बसू नका, पण त्रिकोण घेऊन बसाच. माझं सांगते.

मी चाकणला एका कारखान्यात विद्युत देखभाल बघते. लोड १०० किलोवॅट, पॉवर फॅक्टर (खेचलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामाचा वाटा) ०.८. बिल केव्हीएएचवर, म्हणजे नुसत्या कामाच्या नव्हे तर एकूण खेचलेल्या विजेवर, यायला लागल्यावर साहेबांनी कपॅसिटर लावायला सांगितलं. पुरवठादाराने ७५ केव्हीएआरची (काम न करता फिरणाऱ्या विजेचं माप) फिक्स बँक, म्हणजे कायम चालू राहणारा कपॅसिटरचा संच, सुचवली, "पॉवर फॅक्टर थेट एक होईल" म्हणाला. तोंडी हिशेब बरोबरच होता: ०.८ ला टॅन ०.७५, म्हणून १०० ला ७५. मी सही करणारच होते.

त्या रात्री मुलीचा दहावीचा त्रिकोणमितीचा धडा घेत होते. तिच्याच वहीत पॉवर ट्रँगल (आडवी बाजू किलोवॅट, उभी केव्हीएआर, कर्ण केव्हीए) काढला आणि मनात आलं, दुसऱ्या पाळीत आमची अर्धी यंत्रं बंद असतात, तेव्हा काय होईल? लोड ५०, लागणारे केव्हीएआर साडेसदतीस, आणि आपण देणार ७५. म्हणजे साडेसदतीस उलट्या बाजूला. पॉवर फॅक्टर पुन्हा ०.८, फक्त लीडिंग. जिथून निघालो तिथेच, वर कपॅसिटरचा खर्च. केबलला आणि ट्रान्सफॉर्मरला पुढचं-मागचं कळत नाही, करंट तेवढाच वाहतो.

मग ०.९५ चं गणित केलं. टॅन ०.३३. पाऊण वजा ०.३३, म्हणजे ४२ केव्हीएआर. पूर्ण लोडला केव्हीए १२५ वरून १०५ वर येतं, आणि अर्ध्या लोडला जादा होतात ते साडेचार फक्त, पॉवर फॅक्टर जवळजवळ एक. पुढे आम्ही टप्प्याटप्प्याने चालू-बंद होणारं पॅनेल घेतलं, पण त्याचे टप्पे कितीचे हवेत हे विचारायची हिंमत त्या कागदामुळे आली. माझ्याकडे पंधरा वर्षांचा अनुभव होता. तो त्या रात्रीपर्यंत गप्प होता.

जुना_मास्तर

मी ओळंबा यांच्या बाजूचा, तरी त्यांच्याशी एक भांडण आहे. "एवढंच" म्हणून त्यांनी जी यादी दिली ती मला पुरेशी वाटत नाही. भागिले आठ कुणालाही येतं, वाळूघड्याळ यांचं खरं आहे. पण ते आठ कधी लागू? दोन्ही टोकं नुसती टेकलेली असतील तर. टोकं जखडली की टोकाला बारा आणि मध्ये चोवीस. एकाच टोकाला जखडलेल्या कँटिलिव्हरला दोन. हे आकडे ज्याने एकदा स्वतःच्या हाताने, शिअरच्या (बीमला आडवं कापू पाहणाऱ्या बलाच्या) आणि मोमेंटच्या आकृतीचं क्षेत्रफळ मोजून काढलेत, तो चुकीच्या जागी आठ लावणार नाही. म्हणून मी म्हणतो, उजळणी करायची तर सूत्र कुठून येतं तिथपर्यंत करा.

नॉर्वेच्या स्लाइप्नर ए या समुद्रातल्या तेल-वायू प्लॅटफॉर्मचं उदाहरण वर्गात नेहमी सांगायचो. २३ ऑगस्ट १९९१, स्टाव्हांगरजवळच्या फिओर्डमध्ये तो प्रचंड काँक्रीटचा पाया चाचणीसाठी पाण्यात खाली उतरवत असताना भिंत फुटली आणि सगळा तळाला गेला. पोकळ कप्प्यांच्या सांध्याशी संगणकीय मॉडेलची जाळी, म्हणजे हिशेबासाठी पाडलेले तुकडे, नीट नव्हती, तिथला शिअर ४७ टक्क्यांनी कमी निघाला होता. भिंतीही पातळ ठरल्या, सळ्याही अपुऱ्या. वाळूघड्याळ, त्या कामाला सॉफ्टवेअर होतं, तपासणीही होती. हवा होता तो त्या सांध्याचा एक तुकडा वेगळा काढून, पाण्याचा दाब गुणिले रुंदी मांडून, "हा शिअर एवढा कमी कसा?" असं विचारणारा.

आम्हा शिक्षकांची चूक मात्र मोठी आहे. पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवून घेतल्या, केटी लागू नये, म्हणजे विषय मागे राहू नये, एवढंच पाहिलं. लाप्लास शिकवला, पण तो कशाच्या कंपनाचा आहे हे दाखवलं नाही.

क्यूब_२८_दिवस

माझ्या मते सर्वांत आधी संख्याशास्त्र घासायला हवं, आणि त्याचं नावही कुणी नीट घेत नाही. साइटवर रोज ऐकतो: "एम-२५ आहे, क्यूबांची सरासरी २७ आली, टेन्शन नाही." एम-२५ म्हणजे २५ न्यूटन प्रति चौरस मिमी ताकदीचं काँक्रीट, आणि क्यूब म्हणजे ते तपासायला दाबून फोडायचे ठोकळे. अहो, आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकामध्ये २५ हा आकडा सरासरीचा नाही. शंभरातल्या पाचांहून जास्त निकाल त्याच्या खाली जाऊ नयेत, असा तो आकडा आहे. प्रमाण विचलन, म्हणजे निकालांचा विखुरलेपणा, ४ धरलं तर मिश्रणाचं लक्ष्य २५ अधिक १.६५ गुणिले ४, म्हणजे ३१.६. सरासरी २७ आणि विचलन ४ असेल तर दर दहातले तीन निकाल २५ च्या खाली जातात. तीन! हे समजायला एक घंटेच्या आकाराचा आलेख आणि अर्धा तास पुरतो. साइटवर पाणी वाढवणाऱ्याला थांबवायचं बळ मला त्या अर्ध्या तासाने दिलं.

सळई_बारा

मी डिप्लोमावाला, बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे सळयांच्या लांबी-वजनाचा तक्ता, करतो. सळईचं वजन म्हणजे व्यासाचा वर्ग भागिले १६२, हे पहिल्या दिवशी मुकादमाने सांगितलं. बारा मिमीला १४४ भागिले १६२, मीटरला ०.८९ किलो. आठ वर्षं तेच करत आलो. मग एकदा स्टेनलेसच्या सळया आल्या आणि कुणीतरी विचारलं, १६२ चालेल का? तेव्हा बसून काढलं: पाय (π) भागिले चार, गुणिले ७८५०, मिमीचे मीटर केले, उलटं केलं की १६२. म्हणजे त्या १६२ च्या पोटात पोलादाची घनता बसली आहे. धातू बदलला की आकडा बदलणार. जुना मास्तर म्हणतात ते मला पटलं.

वाळूघड्याळ

तिसरी_फेज यांचा ७५ चा हिशेब मी दोनदा वाचला. तिथे तपासणीची यादी कामी आली नसती, हे मान्य करतो. स्लाइप्नरचंही मान्य.

तरी माझं म्हणणं मागे घेत नाही. तुमच्या त्या मुलाला इमारत किती दिवसांत संपवायला सांगितली होती? आमच्याकडे सल्लागाराला फी अशी मिळते की दहा दिवसांत ड्रॉइंग बाहेर पडलं पाहिजे. ज्याला पाठकोऱ्या कागदासाठी दहा मिनिटं मिळत नाहीत, त्याला गणित शिकवून काय होणार? उजळणी ऑफिसच्या वेळेत व्हावी आणि तिचे पैसे ऑफिसने मोजावेत.

ओळंबा

अकरा दिवस दिले होते. कमी होते, आणि ते मीच ठरवले होते. हा दोष माझा.

वेळेबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य. आता आमच्याकडे शनिवारी दुपारी साडेतीनला लॅपटॉप बंद होतात. आठवड्यातल्या चालू कामातला एक बीम, एक फूटिंग किंवा एक भिंत, फक्त कॅल्सी आणि कागद. पाऊण तास, पगारी. उत्तर सॉफ्टवेअरच्या वीस टक्क्यांत आलं नाही तर सोमवारी आधी ते सोडवायचं, मग पुढचं ड्रॉइंग. चार शनिवार झाले. आणि हो, जुना मास्तर यांचं ऐकून पुढच्या वेळी आठ, बारा आणि चोवीस कुठून आले ते फळ्यावर काढून घेणार आहे.

वाळूघड्याळ

काल रात्री एक करून पाहिलं. लेबर कॅम्पची पाण्याची टाकी: सेकंदाला १० लिटर, उंची ३० मीटर. ९.८१ गुणिले १० गुणिले ३०, म्हणजे २९४३ वॅट. पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरून ४.९ किलोवॅट. पण ८० मिमीचा १२० मीटर पाइप आहे, त्यातलं घर्षण कसं धरायचं ते आठवेना.

ओळंबा

पाइपचं क्षेत्रफळ ०.००५ चौरस मीटर, म्हणून वेग सेकंदाला २ मीटर. वेगाचा वर्ग भागिले दोन जी (जी म्हणजे तुमचे ते ९.८१), ०.२ मीटर. घर्षणांक ०.०२ धरा, गुणिले लांबी भागिले व्यास, म्हणजे १५००. ०.०२ गुणिले १५०० गुणिले ०.२, सहा मीटर. तुमचे ३० झाले ३६, पंप ५.९ किलोवॅट. आता गंमत बघा: प्रवाह तोच ठेवला तर घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताने उतरतं. ८० भागिले १००, पाचवा घात, ०.३३. शंभरचा पाइप टाकला तर सहाचे दोन मीटर. बेंड आणि व्हॉल्व्ह यात धरलेले नाहीत. किती आहेत?