विषय: पार्ल्याच्या फ्लॅटमधील एसीचा कुबट वास, शनिवारपूर्वी सल्ला हवा

प्रेषक: माजी खजिनदार

सप्रेम नमस्कार.

सासूबाई परवा पार्ल्याच्या फ्लॅटवर पोहोचल्या आणि रात्री एसी लावताच ओल्या गोणपाटासारखा वास खोलीभर पसरला. फ्लॅट मे अखेरीपासून, म्हणजे अख्खा पावसाळा बंद होता. शेजारच्यांनी पाठवलेल्या मेकॅनिकने जाळ्या धुऊन दिल्या. तरीही वास गेला नाही, तेव्हा ‘गॅस कमी आहे, भरावा लागेल’ असे सांगून आणि एक भरभक्कम आकडा ऐकवून तो निघून गेला. अण्णांच्या गोरेगावच्या घरीही मागे असेच झाले होते, परंतु त्यावर शेवटी काय उपाय केला ते त्या वेळी आपल्या मंडळाच्या या पत्रव्यवहारात कोणी लिहिले नाही. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे आणि मेकॅनिक शनिवारी पुन्हा येणार आहे. गॅस भरण्यास होकार द्यावा का?

प्रेषक: अण्णा

होकार देऊ नये. एसीतील गॅस बंद नळ्यांमधून फिरत असतो. तो वापरून संपत नाही आणि निर्दोष यंत्रात खोलीच्या हवेत येतही नाही. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि तिची लक्षणे म्हणजे खोली गार न होणे किंवा कॉइलवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्या-पत्र्यांच्या जाळीवर, बर्फ धरणे. कुबट वासाचा त्याच्याशी संबंध नाही.

वास आतल्या युनिटमध्येच तयार होतो. खोलीतील दमट हवा गार कॉइलवरून जाताना तिच्यातील पाणी सुटते, ते ट्रेमध्ये उतरते आणि नळीवाटे बाहेर जाते. जाळीतून निसटलेली बारीक धूळ या ओलीत कॉइलच्या पत्र्यांवर आणि ब्लोअरवर, म्हणजे हवा खोलीत ढकलणाऱ्या आतल्या पंख्यावर, चिकटते, आणि एसी बंद झाल्यावर तेथे बुरशी निवांत वाढते. जाळ्या धुतल्याने ब्लोअर धुतला जात नाही, हे आपल्याकडील निम्मे मेकॅनिक सोयीस्करपणे विसरतात. सासूबाईंना म्हणावे, वीज बंद करून हवा बाहेर येते त्या झडपांमधून टॉर्चचा झोत आत टाका. ब्लोअरच्या पात्यांच्या कडांवर काळे ठिपके किंवा करडा थर दिसला, तर वेट सर्व्हिस, म्हणजे जेट पंपाच्या पाण्याने आतली धुलाई, करून घ्यावी आणि ट्रेही उतरवून धुवावा. ॲसिडचे द्रावण मात्र फवारू देऊ नये, कारण ते ॲल्युमिनियमचे पत्रे खाते. आमच्याकडे वेट सर्व्हिसनेच काम झाले.

प्रेषक: माई

अण्णांचे यंत्रज्ञान मान्य आहे, पण इतका खर्च करण्यापूर्वी धूप करून पाहण्यास काय हरकत आहे? आमच्या गिरगावच्या घरी संध्याकाळी धूप फिरवतो आणि जाळीमागे कापराच्या वड्या ठेवतो. आमच्याकडे आलेल्या एकाही पाहुण्याने आजवर नाक मुरडलेले नाही.

प्रेषक: अण्णा

माई, वास झाकला जातो, जात नाही. शिवाय धुराची काजळी त्याच ओल्या कॉइलवर बसते आणि पुढच्या धुळीला चिकटायला जागा मिळते. दम्याच्या रुग्णाच्या खोलीत धूप सुचवणे तर मला मुळीच पटत नाही. पाहुण्यांनी नाक मुरडले नाही, यात तुमच्या थालीपिठाचा वाटा अधिक असावा.

प्रेषक: बापू, मुलुंड

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. मुंबईतील कारागिरांची यादी गेली कित्येक वर्षे मी सांभाळतो, आणि एखाद्याच्या कामाची खात्री केल्याशिवाय त्याचे नाव तीत घालत नाही. असे असताना काही सभासद परस्पर मेकॅनिकांचे क्रमांक एकमेकांना पाठवत आहेत. काम बिघडले की तक्रार मात्र माझ्याकडे येते.

आता मूळ मुद्दा. ट्रेमधील पाण्याची नळी कोठे सोडली आहे, हे कोणीच विचारलेले नाही.

प्रेषक: माजी खजिनदार

पूर्वी ती खिडकीबाहेर होती. खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडाच्या पत्र्यावर पाणी ठिबकत असल्याची तक्रार झाली, सोसायटीची नोटीस आली आणि आम्ही ती बाथरूममध्ये वळवून तिचे टोक थेट नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे मोरीतील पाणी गटाराकडे नेणाऱ्या वाकड्या भांड्याच्या, जाळीत खुपसले. नोटिशीची प्रत माझ्याकडे आहे. नळी पुन्हा बाहेर काढणे शक्य नाही, हे कृपया गृहीत धरावे.

प्रेषक: बापू, मुलुंड

मग घोटाळा तेथेच आहे. ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी साचलेले असते आणि तेच गटाराची हवा अडवून धरते. घर महिनोन् महिने बंद राहिले की ते पाणी वाळते. त्यानंतर गटाराची हवा तुमच्या नळीतून चढून थेट युनिटमध्ये येते. खिडक्या बंद ठेवून स्वयंपाकघरातील एग्झॉस्ट फॅन लावला तर ती आणखी जोरात ओढली जाते. त्या वेळी युनिटमधून गुडगुड आवाज येतो का, तेही पाहावे. ट्रॅपमध्ये बादलीभर पाणी ओतावे आणि नळीचे टोक जाळीच्या वर चार बोटे मोकळे ठेवावे. आधी खात्री करून घ्यायची असेल तर एक रात्र ते टोक रिकाम्या बादलीत सोडावे. या प्रयोगाला एक पैसाही लागत नाही.

प्रेषक: टोरांटोहून, सभागृह समिती

बापूंचे निदान योग्य वाटते, परंतु उपाय अर्धवट आहे. मंडळाच्या सभागृहात आपण नळीला यू-ट्रॅप, म्हणजे पाणी धरून ठेवणारे यू आकाराचे वळण, बसवला, तसाच पार्ल्यातही बसवावा, म्हणजे टोक कोठेही असले तरी चालेल. कॉइल स्वच्छ ठेवली तर बुरशीचा त्रासही कमी होईल.

प्रेषक: बापू, मुलुंड

सभागृहातील यंत्रणा तळघरातून साऱ्या इमारतीला हवा पुरवते आणि तिची देखभाल करणारा माणूस ठरलेला असतो. येथे भिंतीवरचा स्प्लिट आहे आणि घर सहा-सात महिने बंद असते. एसी बंद असताना यू-ट्रॅपमधील पाणीही वाळणारच, मग पुन्हा तोच वास. त्याखेरीज नळीच्या त्या वळणात बुळबुळीत मळ साचतो, नळी तुंबते आणि पाणी भिंतीवरून गळू लागते. आपण सभागृह जरूर सांभाळावे, पण मुंबईतील नळ्यांबाबत मला थोडे बोलू द्यावे.

प्रेषक: कार्यवाह

कारागिरांच्या यादीचा विषय कार्यकारिणीच्या बैठकीत घेऊ. एका सभासदाने लीजनेअर्स या जिवाणूजन्य न्यूमोनियाच्या आजाराबद्दल काळजीने वेगळे पत्र लिहिले आहे, म्हणून खुलासा करते. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील हॉटेलात झालेल्या ज्या साथीमुळे तो आजार ओळखला गेला, तशा साथींचा संबंध प्रामुख्याने मोठ्या इमारतींचे कूलिंग टॉवर आणि पाण्याचे तुषार उडवणाऱ्या यंत्रणांशी असतो. घरगुती स्प्लिटमध्ये तसे तुषार उडत नाहीत. बुरशीने दमा बळावू शकतो, एवढी काळजी मात्र रास्त आहे आणि तेवढी पुरेशी आहे.

प्रेषक: माजी खजिनदार

सासूबाईंनी काल रात्री नळीचे टोक बादलीत सोडले. एसी बंद असताना खोलीत येणारा गटाराचा उग्र दर्प गेला. एसी सुरू करताच पहिली काही मिनिटे येणारा कुबट वास मात्र कायम आहे, आणि टॉर्चने पाहिले असता ब्लोअरवर काळा थर स्पष्ट दिसतो. म्हणजे अण्णा आणि बापू यांपैकी कोणालाही मला नाराज करावे लागणार नाही. गॅसला नकार कळवला आहे आणि वेट सर्व्हिस शनिवारीच करून घेते. बापू, यादीतील प्लंबरही त्याच दिवशी मिळेल का?

प्रेषक: बापू, मुलुंड

मिळेल, सकाळी अकराला पाठवतो. ट्रेकडून बाथरूमपर्यंत नळीला सलग उतार आहे ना, तेही त्याच्याकडून तपासून घ्या, कारण मध्ये झोळ पडला की तेथे पाणी साचून राहते. यापुढे कूलिंग बंद करण्यापूर्वी अर्धा तास नुसता फॅन मोड चालवावा, म्हणजे कॉइल कोरडी होईल. आणि मेकॅनिक येण्याआधी युनिटखालच्या गाद्या हलवून ठेवण्यास सासूबाईंना सांगा. त्याने पाणी झेलण्याची पिशवी युनिटखाली कितीही नीट बांधली तरी जेटचे काळे पाणी थोडे तरी उडतेच.