मॅडिसनचा जुना गोठा: राखायचा की जागा मोकळी करायची?

मॅडिसनवासी: अमेरिकेतल्या मॅडिसन शहरात, विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या आवारात १८९८ साली पुरा झालेला गायींचा गोठा आहे, मुरघासाच्या गोल मनोऱ्यासकट. मित्र म्हणतो, मोक्याची जागा आहे, पाडून प्रयोगशाळा बांधा. मला हे अजिबात पटत नाही. १९०७ ते १९११ या काळात इथे १६ कालवडींचे चार गट केले. एकाला सगळं खाणं मक्याचंच, दुसऱ्याला गव्हाचं, तिसऱ्याला ओटचं, चौथ्याला तिन्ही मिसळून. रसायनशास्त्राच्या तक्त्यावर चारही खुराक पोषणाला सारखे. तरी मक्यावरच्या गायींची वासरं धडधाकट निपजली आणि गव्हावरच्या गायी खंगल्या, त्यांची वासरं जगली नाहीत. तक्त्यात न मावणारं काहीतरी चाऱ्यात होतं, हे या दावणीला कळलं.

रोखठोक: शोध माणसं लावतात, भिंती नाही. याच विद्यापीठातले शास्त्रज्ञ मॅककोलम यांना १९१३ मध्ये 'अ' जीवनसत्त्व सापडलं ते उंदरांवरच्या प्रयोगांत, गोठ्यात नव्हे. सव्वाशे वर्षांच्या छपराची डागडुजी किती करायची? फलक लावा आणि तो पैसा आजच्या संशोधनाला द्या.

संकलनकेंद्र_कोल्हापूर: अहो, उंदीर आणले कशामुळे? गायींवर उत्तर मिळायला वर्षं जात होती म्हणूनच ना! आणि गायींवरच्या या प्रयोगामागची मूळ शंका तिथलेच रसायनशास्त्रज्ञ बॅबकॉक यांची. त्यांनीच १८९० मध्ये दुधातली फॅट मोजायची सोपी रीत काढली आणि पेटंट घेतलं नाही. आमच्याकडे फॅट मोजायच्या गर्बर पद्धतीच्या नळ्या फिरल्या, पण तत्त्व तेच. म्हशीचं दाट दूध आणि पाणी घातलेलं दूध एकाच भावाने जायचं बंद झालं, ते अशा चाचणीमुळे. माझ्यासारख्याला ती जागा परकी वाटत नाही.

पशुवैद्य_नगर: गोठा राहावा, पण फलकावर नुसती शास्त्रज्ञांची नावं नकोत. गव्हावरच्या गायींना अंधत्व आलं, वासरं मेलेली जन्मली, हेही लिहा. आज असा प्रयोग नैतिक समितीपुढे सहज मंजूर होणार नाही. विद्यार्थ्यांना हे त्याच जागी उभं करून शिकवायला हवं.

रोखठोक: हा मुद्दा मान्य. पण मग आत शिकवणं चालू हवं. कुलूप लावून बाहेरून रंग देत राहणार असाल तर माझा विरोध कायम.

मॅडिसनवासी: २००५ पासून ती राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू आहे. पशुवैद्य, फलकाचं तुमचं म्हणणं मी विभागाला लिहून कळवतो. गायींचा उल्लेख आधी, शास्त्रज्ञांचा नंतर.