ॲनिमेशनसाठी समोर बसवून शिकवणारं कोणी आहे का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, गोव्यातल्या डिचोलीहून लिहितेय. धाकट्या भावाला ॲनिमेशन शिकायचंय पण क्लासमध्ये सगळं सॉफ्टवेअरच, हे बटण दाबा ते बटण दाबा, आणि ते तर त्याला येतं. ब्लेंडर, क्रिता फुकट आहेत, घरीच शिकला. सेकंदाला 24 फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरलं की 12 चित्रांत भागतं, हे तोच मला समजावतो. अडतंय ते गोष्ट सांगण्यात.

नरक चतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जाळतात ना, त्यावर त्याला दीड मिनिटाची फिल्म करायचीय, पोरं दिवसच्या दिवस खपून पुतळा उभा करतात आणि पहाटे स्वतःच पेटवतात, केवढा छान विषय आहे बघा! स्टोरीबोर्ड, म्हणजे एकेका शॉटचं चित्र, काढलाय पण सगळे शॉट एकाच अंतरावरून, जवळ कधी जायचं, कुठला क्षण लांबवायचा, कुठे कापायचं हे कोणीतरी बाजूला बसून त्याच्याच चित्रांवर खुणा करत सांगायला हवं, भरलेल्या वर्गात ते होत नाही असं माझं ठाम मत आहे.

पणजी, म्हापसा, साखळीकडे असं कोणी आहे का? ऑनलाइन पण चालेल, आठवड्याला तासभर, मराठी किंवा कोंकणी बोलणारं असलं तर तो मोकळेपणाने विचारेल. पणजीत आल्तिनोच्या कला महाविद्यालयात शिकलेलं कोणी असेल तर फारच बरं. फी साधारण किती घेतात, आणि आधी ॲनिमॅटिक (स्टोरीबोर्डची चित्रं वेळेनुसार लावून केलेला कच्चा व्हिडिओ) करून न्यावं की नुसता स्टोरीबोर्ड पुरे, तेही सांगा प्लीज.