सर्दी घेऊन गोरिला बघायला जाणाऱ्यांनो, थांबा. माझ्या मते हे टुरिझमच बंद करा!

रानवेडी:
ओळखीतला ग्रुप युगांडाला बविंडीच्या जंगलात गोरिला बघून आला. एकाचा घसा आदल्या रात्रीपासून खवखवत होता, तरी परमिटचे ८०० डॉलर बुडतील म्हणून गोळी घेतली नि गेला, वर हे कौतुकाने सांगतोय! अरे आपली साधी सर्दी त्यांचा जीव घेऊ शकते. २०१३ ला युगांडातल्याच किबालेच्या जंगलात ५६ चिंपांझींच्या एका टोळीतले ५ मेले, कशाने, तर रायनोव्हायरस सी, आपल्या पोरांना सर्दी होते तोच विषाणू. २००९ ला रवांडात माणसाच्या मेटान्यूमोव्हायरसने (हाही सर्दी-खोकल्याचाच विषाणू) एक गोरिला मादी आणि एक पिल्लू गेलं. कशाला हवंय हे?

डोंगरभटक्या:
बंद करून वाचतील असं वाटतं का? ८० च्या दशकात विरुंगाच्या डोंगरात (युगांडा, रवांडा, काँगोच्या सीमेवर) जेमतेम अडीचशे गोरिला उरले होते, २०१५-१६ च्या मोजणीत तिथेच सहाशेच्या वर निघाले, त्यात परमिटच्या पैशाचा मोठा हात आहे, रेंजरचे पगार त्यातून, गावांनाही वाटा मिळतो. २०२० ला कोविडमुळे टुरिस्ट बंद होते तेव्हाच बविंडीत राफिकी नावाचा सिल्व्हरबॅक (कळपाचा म्होरक्या नर) शिकाऱ्याने भाला मारून मारला.

व्हेट_नागपूरकर:
शिवाय फक्त टुरिस्टनाच का धरताय? किबालेतल्याच न्गोगोला २०१६-१७ मध्ये साधारण २०० पैकी २५ चिंपांझी मेटान्यूमोव्हायरसने गेले आणि ती जागा टुरिस्टची नाही, संशोधनाची आहे. ट्रॅकर, संशोधक, शेजारची गावं, विषाणू कुणाकडूनही जाऊ शकतो.

रानवेडी:
राफिकीचं वाचून गलबललं, मान्य. पण म्हणून आजारी माणूस आत सोडायचा का? मास्क आणि १० मीटरचा नियम आहे, पण पिल्लं आपणहून जवळ येतात आणि फोटोसाठी मास्क खाली करणारे काय कमी आहेत?

डोंगरभटक्या:
नियम कडक करा ना, गेटवर ताप तपासा.

व्हेट_नागपूरकर:
गोळी घेतलेल्याचा ताप दिसत नाही हो, आणि सर्दीत बऱ्याचदा ताप नसतोच. मी आजारी आहे म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे पूर्ण पैसे परत द्या, मग कोण लपवेल?

रानवेडी:
हे झालं तर बंद करा म्हणणं मी मागे घेते. तोवर नाही.